रोजच्या गोळीची गोष्ट

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी भूकंपात सास्तूर गाव कोसळलं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून माणसं दमून झोपली होती आणि दगडमातीची जाड माळवदं त्यांच्या अंगावर आली. किल्लारी, सास्तूर आणि आसपासची मिळून बावन्न गावं उद्ध्वस्त झाली. मृतांचा आकडा आठ ते दहा हजारांच्या दरम्यान सांगितला जातो. त्या दिवसांत देशभरातले कॅमेरे या मुलखात उतरले. ढिगारे, पेटलेल्या चिता, मदतीचे ट्रक, पुढाऱ्यांचे दौरे हे सगळं घरोघरी दिसलं. मग कॅमेरे परतले. पण ज्यांच्या मणक्याला मार बसला, ज्यांचे हात-पाय गेले, ज्यांची झोप कायमची उडाली, त्यांचं पुढचं आयुष्य तेव्हा कुठे सुरू होत होतं. एकाच अंगावर पडून होणाऱ्या जखमा, दुसऱ्याच्या हातानं उरकायचे विधी, दवाखान्याच्या खेपा, घरातल्या कोणा एकीचं त्यापायी थांबलेलं शिक्षण किंवा बुडालेली मजुरी यांतलं काहीच बातमीत बसणारं नव्हतं. दर ३० सप्टेंबरला श्रद्धांजलीची बातमी येते. ती मृतांची असते. जे जखम घेऊन जगले, त्यांचा उल्लेख तिच्यात क्वचितच असतो.

हा दोष बातम्यांपुरता नाही. सिनेमा आणि मालिका दीर्घ आजाराकडे पाहतात तेव्हाही नेमकं हेच घडतं. पडद्यावरच्या आजाराबद्दल सहसा दोन तक्रारी होतात: वैद्यकीय माहिती चुकीची असते आणि रडारड फार असते. दोन्ही खऱ्या आहेत, पण मूळ दुखणं वेगळं आहे. पडद्याला घटना कळते, मुदत कळत नाही. म्हणून तो आजाराला सुरुवात देतो आणि शेवटही देतो. रिपोर्ट हातात येतो, खोलीत शांतता पसरते, आणि तिथून गोष्ट दोनच दिशांना जाते. एक तर रोगी मरतो, नाही तर पूर्ण बरा होतो. मधुमेह, रक्तदाब, दमा, संधिवात, अपस्मार, निकामी होत चाललेली मूत्रपिंडं, स्किझोफ्रेनिया हे आजार या दोन्ही टोकांच्या मधल्या तीस-चाळीस वर्षांत राहतात. नेमकी तीच वर्षं पडद्यावरून कापली जातात.

हिंदी सिनेमानं या कापाकापीचा साचा फार लवकर पक्का केला. १९७१ च्या ‘आनंद’मध्ये आतड्यांचा कर्करोग, १९७५ च्या ‘मिली’त रक्तक्षयाचा असाध्य प्रकार, १९७८ च्या ‘अंखियों के झरोखों से’मध्ये रक्ताचा कर्करोग, २००३ च्या ‘कल हो ना हो’मध्ये हृदयविकार. रोग बदलले, रोग्याचं काम मात्र तेच राहिलं. धडधाकट माणसाला जगायला शिकवणं, हे ते काम. आनंदमुळे डॉक्टर भास्कर लेखक होतो, मिलीमुळे शेजारचा दारूत बुडालेला तरुण सावरतो, ‘कल हो ना हो’तल्या अमनमुळे नैनाचं विस्कटलेलं घर जुळतं. रोग्यानं सतत हसतमुख राहायचं, आपल्या वेदनेचा कोणाला त्रास होऊ द्यायचा नाही आणि वेळेवर निघून जायचं. ‘आनंद’ थोर सिनेमा आहे. खचलेल्या असंख्य माणसांना त्यानं धीर दिला असेल, आणि तो धीर खोटा नव्हता. पण त्या सिनेमात आनंदच्या औषधांचा हिशेब नाही, त्याच्या उशाशी रात्री जागून सकाळी कामावर जाणारी बहीण किंवा बायको नाही, आणि चिडण्याचा हक्कही त्याला जवळजवळ नाही. वीस वर्षं इन्सुलिन टोचून घेणाऱ्या माणसाला ‘तू आनंदसारखा राहा’ असं सांगणं म्हणजे आजारावर आणखी एक ओझं चढवणं आहे. त्याला तर निघून जायचंच नाहीये. त्याला उद्या सकाळी पुन्हा सुई घ्यायची आहे.

पडदा या साच्यात किती रुतून बसला आहे, हे एचआयव्हीच्या बाबतीत सर्वांत स्वच्छ दिसतं. गोव्याच्या डॉमिनिक डिसूझा यांनी रक्तदान केलं, त्यातून संसर्ग कळला, आणि १९८९ मध्ये राज्याच्या कायद्याखाली त्यांना कोंडून ठेवण्यात आलं. त्यांनी लढा दिला, आणि १९९२ मध्ये त्यांचा मृत्यू झाला. त्यांच्या आयुष्यावरून सुचलेला ओनीर यांचा ‘माय ब्रदर निखिल’ २००५ मध्ये आला. तो निर्भीड आणि प्रामाणिक सिनेमा होता. निखिलचा मृत्यूही त्या काळाला धरून होता, कारण तेव्हा उपचारच हाताशी नव्हते. पण सिनेमा आला त्याच्या एक वर्ष आधी, एप्रिल २००४ पासून, देशात सरकारी केंद्रांतून एआरटीची, म्हणजे एचआयव्हीला रोखणारी, औषधं मोफत मिळू लागली होती. रोज गोळी घेतली तर या संसर्गासह पुढची कितीतरी वर्षं जगता येतं, हे वास्तव झालं होतं. त्या वास्तवावरचा, तेवढ्याच तोलामोलाचा लोकप्रिय सिनेमा त्यानंतर काही आला नाही. मृत्यू होता तोवर गोष्ट होती; मृत्यू मागे हटला आणि गोष्ट सांगणाऱ्यांचा रस संपला. दुसरीकडे, सास्तूरच्या शेजारच्या लातूर जिल्ह्यात, औसा तालुक्यातल्या हासेगावला, रवी बापटले यांनी एचआयव्हीसह जन्मलेल्या मुलांसाठी ‘सेवालय’ उभं केलं. तिथली मुलं मोठी झाली, ‘हॅपी म्युझिक शो’ घेऊन गावोगावच्या रंगमंचावर उभी राहिली. मोठ्या पडद्याला जे जमलं नाही, ते या पोरांनी तालुक्याच्या गावांत करून दाखवलं.

पडद्यानं आजाराची ही मधली वर्षं कापल्यानं बिघडतं काय, असं कोणी विचारील. बिघडतं ते गोळीच्या पातळीवर. जागतिक आरोग्य संघटनेनं २००३ च्या अहवालात नोंदवलं की, दीर्घ आजारांची औषधं नियमानं घेणाऱ्यांचं प्रमाण श्रीमंत देशांतही सरासरी निम्मंच आहे, आणि गरीब देशांत त्याहून कमी. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीनुसार देशात दहा कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे आणि प्रौढांपैकी सुमारे पस्तीस टक्क्यांना उच्च रक्तदाब. गोळ्या मध्येच सोडण्यामागे पैसा, अंतर, विसर, दुष्परिणामांची भीती अशी पुष्कळ कारणं असतात, आणि सगळा दोष टीव्हीच्या माथी मारणं अन्यायाचं होईल. पण त्यांतलं एक कारण समजुतीचं आहे, आणि समजूत घडवण्यात पडद्याचा वाटा नक्की आहे. ‘आता बरं वाटतंय, मग गोळी कशाला?’ हा प्रश्न वेड्या माणसाचा नाही. ज्यानं आयुष्यभर आजार बरा होताना किंवा मारून टाकताना पाहिला, त्याच्या दृष्टीनं तो अगदी सरळ प्रश्न आहे. आजार ताब्यात राहतो पण जात नाही, ही तिसरी अवस्था त्याला कोणी गोष्टीतून दाखवलेलीच नाही. आज सास्तूरला स्पर्श ग्रामीण रुग्णालय आहे, अणदूरच्या हॅलो मेडिकल फाउंडेशननं खेड्यापाड्यांतल्या बायकांना ‘भारतवैद्य’ म्हणून तयार केलं, आशाताई घरोघर फिरतात. ही माणसं जे पुन्हा पुन्हा समजावून सांगतात, त्याच्या नेमकं उलट चित्र रात्री त्याच घरात टीव्हीवर दिसत असेल, तर त्यांचं काम अवघडच होणार.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप कलेच्या बाजूनं येतो. सिनेमा म्हणजे आरोग्य खात्याचं पत्रक नव्हे; नाट्याला घटना लागते, आणि रोज सकाळी गोळी घेणारा माणूस दोन तास कोण पाहील? आक्षेप खरा असता, तर ‘पिकू’ चालला नसता. २०१५ च्या त्या सिनेमाचा विषय म्हाताऱ्या बापाचं जुनाट बद्धकोष्ठ आणि त्यापायी मुलीची होणारी ओढाताण एवढाच आहे. बाप हट्टी आहे, स्वार्थी आहे, स्वतःच्या पोटाविषयी चारचौघांत बोलतो, आणि मुलगी त्याच्यावर मनापासून चिडते. प्रेक्षकांनी तो डोक्यावर घेतला. एक साम्य मुद्दाम सांगण्याजोगं आहे. ‘आनंद’मधल्या डॉक्टरचं नाव भास्कर बॅनर्जी होतं, ‘पिकू’तल्या म्हाताऱ्याचंही तेच, फक्त बंगाली उच्चारातलं, आणि दोन्ही भूमिका अमिताभ बच्चन यांच्याच. चव्वेचाळीस वर्षांपूर्वी दुसऱ्याच्या मरणातून शहाणा झालेला तो माणूस इथे स्वतःच घरादाराला वेठीला धरणारा रोगी आहे. मला हा दुसरा भास्कर जास्त खरा वाटतो.

मराठी सिनेमानं याहून पुढची मजल मारली आहे, आणि तिचं श्रेय प्रामुख्यानं सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांना जातं. भावे समाजकार्यातून सिनेमाकडे आल्या, हे त्यांच्या कामात सतत दिसतं. २००४ च्या ‘देवराई’त अतुल कुलकर्णी यांनी रंगवलेल्या शेषला स्किझोफ्रेनिया आहे, पण कॅमेरा त्याच्याइतकाच त्याच्या बहिणीवर आहे, जिच्या संसारात भाऊ आणि आजार एकदमच राहायला येतात. २००६ च्या ‘नितळ’मध्ये कोड असलेली नायिका आहे, तिची त्वचा काही बदलत नाही, बदलायचं असतं ते आजूबाजूच्या माणसांना. आणि २०१३ चा ‘अस्तु’. संस्कृतचे पंडित असलेल्या, स्मृती हरवत चाललेल्या चक्रपाणी शास्त्रींची भूमिका स्वतः मानसोपचारतज्ज्ञ असलेल्या डॉ. मोहन आगाशे यांनी केली. शास्त्रीबुवा रस्त्यावर दिसलेल्या हत्तीमागे निघून जातात आणि माहुताच्या बायकोच्या, चन्नम्माच्या, आसऱ्याला येतात. ती कन्नड बोलते. सास्तूर-उमरग्याच्या सीमाभागात तिची भाषा परकी वाटायचं कारणच नाही. चन्नम्माला रोगाचं नाव माहीत नाही. म्हाताऱ्याला न्हाऊ घालायचं आणि भरवायचं, एवढं तिला कळतं. अमृता सुभाष यांना या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. चन्नम्मा जे एक दिवस करते, ते वर्षानुवर्षं करताना शास्त्रीबुवांची सुशिक्षित मुलगी थकलेली आहे, आणि सिनेमा तिला त्या थकव्याबद्दल दोषी ठरवत नाही. सेवा करणारी बाई थकते, तिला कधी कधी ‘हे संपावं’ असंही वाटतं, आणि तरी ती सकाळी पुन्हा उठते, हे सत्य पडद्यावर यायला एवढी वर्षं लागली.

दुसरा आक्षेप भीतीच्या बाजूनं येतो. मरण दाखवल्याशिवाय माणूस सावध होत नाही, असं म्हणतात, आणि दाखला म्हणून सिनेमागृहातली तंबाखूविरोधी जाहिरात पुढे करतात. तिच्यात दिसणारा भुसावळचा मुकेश हराणे तोंडाच्या कर्करोगानं तरुणपणीच गेला. त्याचा चेहरा आणि आवाज देशभरातल्या प्रेक्षकांना पाठ आहे. ती जाहिरात आवश्यकच होती. पण ती ज्याला अजून रोग झालेला नाही, त्याच्यासाठी होती. ज्याला झाला आहे, तोही त्याच अंधारात खुर्चीवर बसलेला असतो. त्याला भीती पुरेशी आहे. पुढचं आयुष्य कसं दिसतं, हे त्याला पाहायचं असतं. न झालेला रोग टाळणं आणि झालेल्या रोगासह जगणं ही दोन वेगळी कामं आहेत. आपल्याकडे पडद्यानं पहिलंच हाती घेतलं.

कायद्याच्या अंगानंही पडद्यावरच्या चित्रणाचा विचार आता होऊ लागला आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं दिव्यांगत्वाची यादी एकवीस प्रकारांपर्यंत वाढवली आणि तिच्यात थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकलसेल, पार्किन्सन असे दीर्घ आजारही घेतले. जुलै २०२४ मध्ये ‘आँख मिचोली’ या सिनेमाविरुद्धच्या याचिकेवर निकाल देताना, तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या पीठानं दिव्यांगांच्या चित्रणाविषयी मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली: साचेबंद चित्रण टाळा, वैद्यकीय माहिती नीट घ्या, आणि ज्यांच्याविषयी लिहिता त्यांना विचारून लिहा. यातून लेखकाच्या स्वातंत्र्यावर गदा येईल, अशी धास्ती काहींना वाटते. मला ती पटत नाही. विचारून लिहिण्यानं लेखकाच्या हाती तपशील येतात आणि तपशिलांनी गोष्ट जिवंत होते. २०१४ च्या ‘यलो’त डाउन सिंड्रोम असलेल्या गौरी गाडगीळनंच जलतरणपटू गौरीची भूमिका केली, तेव्हा सिनेमाचं काही कमी झालं नाही.

आता मालिकांकडे येतो, कारण सर्वाधिक आशा मला तिथेच वाटते. सिनेमाला दोन-अडीच तासांत आटपायचं असतं, त्याची घाई समजू शकते. मालिकेकडे मात्र वेळच वेळ असतो. रोज अर्धा तास, आठवड्याचे सहा दिवस, शेकडो भाग. दीर्घ आजार दाखवायला याहून सोयीचा प्रकार शोधून सापडणार नाही. तरीही मालिकेत आजार येतो तो अपघात, कोमा, स्मृतिभ्रंश आणि बदललेला रिपोर्ट होऊन. महिनाभरात कथानकाचा तिढा सुटला की तोही नाहीसा होतो. मधुमेह दिसतो तो चोरून लाडू खाणाऱ्या आजोबांच्या विनोदापुरता. टीआरपीचं कारण पुढे केलं जातं, पण प्रेक्षकाला पर्याय देऊन पाहिलेला नसताना त्याच्या आवडीविषयी एवढी खात्री कुठून येते? दूरदर्शननं २००२ पासून ‘जासूस विजय’ दाखवली, तेव्हा तिच्या नायकाला एचआयव्हीची बाधा होती. तो गावोगाव फिरून गुन्ह्यांचा छडा लावत होता, प्रेमात पडत होता, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा कामाला लागत होता. प्रेक्षक पुढच्या गुन्ह्याची वाट पाहत होते. आज मराठी मालिकेतल्या नायिकेला तिशीतच शुगर निघाली, ती डब्याआधी गोळी घेते, उपास धरायचा की नाही यावरून सासूशी तिचं वाजतं, दर तीन महिन्यांनी रक्त तपासायला ती उमरग्याला किंवा लातूरला एसटीनं जाते, आणि मालिकेची मुख्य गोष्ट तिच्या शेताच्या वाटणीची किंवा तिच्या नोकरीची असते, एवढं लिहायला कोणाची परवानगी लागत नाही.