मध्यंतर कुठं पाडायचं?

दौंडला माझी सीडीची लायब्ररी होती, शिरूरला मेहुण्याची. नवा पिक्चर एसटीनं इकडून तिकडे फिरायचा. ‘लगान’ नेताना गिऱ्हाईक हमखास विचारायचं, “तिन्ही आहेत ना?” पिक्चर २२४ मिनिटांचा, आणि व्हीसीडीत मावणार जेमतेम ८० मिनिटं. कापणारा घड्याळ बघून कापायचा, त्यामुळे वाक्य एका सीडीत आणि उत्तर दुसरीत. रेल्वेतल्या मंडळींना मात्र ते सोयीचं. एक सीडी बघून ड्युटीवर जायचे.

डीव्हीडी आली तसं लोक म्हणाले, आता सगळं एकातच हवं. एका थराच्या डीव्हीडीत ४.७ जीबी जागा. त्यात ‘लगान’ बसवला, तर आवाज धरून सेकंदाला पावणेतीन मेगाबिटच वाट्याला येतात. मग मॅचमधली धूळ आणि गर्दी पळू लागली की चित्राचे चौकोन पडतात. (एकाच डीव्हीडीत पाच-पाच पिक्चर कोंबणाऱ्यांबद्दल न बोललेलंच बरं.) दोन थरांच्या डीव्हीडीत ८.५ जीबी मिळतात, तेवढ्यात काम भागतं.

चार तासांपुढे मात्र मी दोन डिस्कच मागेन. ‘रिटर्न ऑफ द किंग’ची वाढीव आवृत्ती २००४ साली डीव्हीडीवर तशीच आली. आपल्याकडे तर कापायची जागा दिग्दर्शकच ठरवून देतो. १९७०च्या ‘मेरा नाम जोकर’ला राज कपूरनं दोन मध्यंतरं ठेवली होती. कात्री तिथंच लावावी.