निखाऱ्यावरील लोखंड

अन्न विस्तवावर सरळ भाजून खाण्याची रीत फार जुनी आहे. पाणिनीनें "शूल्य" व "उख्य" हे शब्द एकाच सूत्रांत सिद्ध केले आहेत. शूलावर, म्हणजे सळईवर, भाजलेलें तें शूल्य आणि उखेंत, म्हणजे भांड्यांत, शिजविलेलें तें उख्य. आपल्या घरींहि भरताचें वांगें, मक्याचें कणीस, पापड व फुलका यांसाठीं जाळी, सळई, चिमटा आणि सांडशी हीं उपकरणें असतातच. भांडीं रोज लखलखीत होतात. या उपकरणांच्या वांट्यास मात्र फडक्याचा एक ओझरता हात येतो.

लोखंड गंजतें तें पाणी व हवेंतील प्राणवायु यांच्या संयोगानें. मीठ ही क्रिया त्वरेनें घडवून आणतें. म्हणूनच पापडाचे खारट कण जाळीवर राहिले व त्यांस पावसाळी हवा लागली, कीं तांबूस डाग दिसूं लागतात. दिल्लीस मेहरौली येथील लोहस्तंभ सुमारें १६०० वर्षांचा असूनहि फारसा गंजलेला नाहीं. कारण त्या लोखंडांत स्फुरदाचा अंश अधिक असून त्यायोगें पृष्ठभागावर संरक्षक थर जमला आहे. आपल्या चिमट्यास तसा थर आपणच दिला पाहिजे.

त्याची रीत सोपी आहे. उपकरण कोमट असतांनाच नारळाच्या काथ्यानें व राखेनें घासावें. राखेंतील क्षार ओशटपणा धरून साबणासारखें कार्य करतो. मग धुऊन, पुसून तें क्षणभर मंद विस्तवावर धरावें, म्हणजे सांध्यांतील ओलहि निघून जाते. शेवटीं कापडाच्या बोळ्यानें तेलाचा अगदीं पातळ हात फिरवावा. जाड थर चिकट होऊन धूळ धरतो. सांडशीच्या खिळ्यावर तेलाचा एक थेंब सोडावा. लाकडी मूठ पाण्यांत भिजत ठेवूं नये. गंज चढलाच असेल, तर चिंचेच्या कोळानें चोळावें. परंतु कोळ फार वेळ ठेवल्यास आम्ल लोखंडहि खाऊं लागतें.

जस्ताचा मुलामा दिलेली जाळी निखाऱ्यावर कधींहि धरूं नये. जस्त सुमारें ४२० अंश शतमानास वितळतें, आणि फुललेल्या निखाऱ्याची उष्णता त्याहून पुष्कळ अधिक असते.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. अमेरिकेंत मोठ्या जाळ्या तारेच्या ब्रशानें घासण्याचा प्रघात आहे. त्या ब्रशाची तुटलेली बारीक तार अन्नास चिकटून पोटांत गेल्याच्या सहा घटना, प्रॉव्हिडन्स शहरांतील एकाच रुग्णालयसमूहांत, मार्च २०११ ते जून २०१२ या अवधींत घडल्या. तेथील सरकारी रोगनियंत्रण केंद्रानें त्यांची नोंद २०१२ सालीं प्रसिद्ध केली. कोणाच्या गळ्यांत, तर कोणाच्या पोटांत तार रुतली होती. आपल्याकडील तारेची घासणीहि अशीच झडते, हें ध्यानांत असावें. ती वापरावयाचीच असेल, तर जाळी नंतर भरपूर पाण्यानें धुवावी, ओल्या फडक्यानें दोन्ही बाजूंनीं पुसावी व उजेडांत धरून पाहावी. झडूं लागलेली घासणी त्याच दिवशीं टाकून द्यावी. वांग्याच्या भरतांत गेलेली तार डोळ्यांस दिसत नाहीं, आणि घरांतील लहान मूल घांस चावून खाईलच असा भरंवसा कोणी द्यावा?