काचेचा खंड्या



पावसाळा लागला की आपल्या पनवेल तालुक्यातल्या कर्नाळा अभयारण्यात तिबोटी खंड्या येतो. एवढासा पक्षी, पण रंग केवढे! असा खंड्या काचेचाही करता येतो. काही लोकांना तसा छंदच असतो. साचा नाही, काही नाही. ज्योतीवर काच मऊ करायची आणि हाताने पक्षी घडवायचा. कसा, ते पाहू.

काच म्हणजे मुख्यतः वाळू. ती लवकर वितळावी म्हणून सोडा घालतात आणि काच टिकावी म्हणून चुना. बर्फाचे जसे पाणी होते, तशी काच एकदम वितळत नाही. गुळाच्या पाकासारखी हळूहळू सैल पडते. साधी काच सुमारे ७०० अंश सेल्सिअसला मऊ होते.

गॅस आणि ऑक्सिजनच्या ज्योतीत काचेची कांडी धरून सारखी फिरवायची. हात थांबला की काच ओघळलीच! टोकाला गोळा जमला की ते पोट. त्यावर लहान गोळा, ते डोकं. चिमट्याने ओढली की शेपूट आणि चोच. निळा रंग काचेतल्या कोबाल्टमुळे येतो.

पक्षी झाला, पण काम संपलं नाही हं! तसाच ठेवला तर बाहेरची काच आधी निवते, आतली मागाहून आकसते. या ओढाताणीत पक्षी तडकतो. जाड पेल्यात उकळता चहा ओतला तर आतली बाजू आधी फुगते आणि पेला फुटतो, तसंच हे. म्हणून पक्षी सुमारे ५०० अंशांच्या भट्टीत ठेवून भट्टी सावकाश निववतात. दोन जातींच्या काचाही जोडत नाहीत. त्या सारख्या आकसत नाहीत.

आपल्या महाराष्ट्रात काचकाम जुनं आहे. लोकांकडून एकेक पैसा गोळा करून १९०८ साली तळेगाव दाभाडे येथे पैसा फंड काच कारखाना निघाला. १९१६ साली कऱ्हाडजवळ ओगले काच कारखाना सुरू झाला. त्यांचा ‘प्रभाकर’ कंदील पुढे घरोघर गेला.

सूचना : तापलेली काच आणि थंड काच दिसायला सारखीच! म्हणून हे काम घरी करू नये. जाणत्या माणसाजवळच शिकावं, डोळ्यांना खास चष्मा लावावा. तोवर आपण ओल्या मातीचा खंड्या करू. आधी पोट, मग डोकं, मग शेपूट आणि चोच!