खानदेशातील मैदाने, मंडळे आणि त्यांची नावे

१९०६ मध्ये मोठ्या विस्ताराच्या खानदेश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले, महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आल्यानंतर त्यांना अनुक्रमे जळगाव आणि धुळे ही मुख्य ठाण्यांची नावे मिळाली आणि १९९८ मध्ये धुळ्यातून नंदुरबार वेगळा झाला. परंतु सरकारदप्तरातून गेलेले खानदेश हे नाव लोकांच्या बोलण्यातून, शिक्षणसंस्थांच्या फलकांवरून आणि खेळांच्या निमंत्रणपत्रिकांवरून कधी गेले नाही. कागदावरचे नाव आणि तोंडातले नाव यांची ही फारकत या भागातील क्रीडासंस्थांच्या आणि मैदानांच्या नावांतही पदोपदी आढळते. कुस्ती, मल्लखांब, कबड्डी, खो-खो आणि आट्यापाट्या या खेळांना मराठीत देशी खेळ म्हणतात. ते जेथे खेळले जातात त्या जागांना आणि जी माणसे एकत्र येऊन ते चालवतात त्या संस्थांना कोणती नावे दिली गेली, त्यांपैकी कोणती रुजली आणि कोणती फलकापुरतीच राहिली, हा विषय वरकरणी किरकोळ वाटला तरी समाज आपल्या खेळाकडे कोणत्या नात्याने पाहतो हे त्यातून कळते.

या नावांमधील सर्वांत जुना भाग संस्थेचा प्रकार सांगणाऱ्या शब्दांचा आहे. आखाडा आणि तालीम हे शब्द कुस्तीचे होत. तालमीत तांबड्या मातीचा हौदा असतो, त्या मातीत तेल, ताक, हळद आणि लिंबाचा रस कालवून ती मऊ व निर्मळ राखली जाते, शिकवणाऱ्याला वस्ताद म्हणतात आणि भिंतीतल्या कोनाड्यात मारुतीची मूर्ती असते. तालमीला स्वतंत्र नाव देण्याची गरज पूर्वी फारशी भासत नसे. पेठेचे, वेशीचे किंवा देवळाचे नाव तिला आपोआप चिकटत असे. कोल्हापूरच्या गंगावेस तालमीचे आणि शाहूपुरी तालमीचे नाव असेच पडलेले आहे. त्याच शहरात फुटबॉलचे संघदेखील पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ या नावांनी उतरतात. चेंडू परदेशातून आला, पण संघाचे नाव वस्तीतल्या हौद्यावरून आले, ही गोष्ट साधी नव्हे. त्या शहराने परक्या खेळाला आपल्या तालमीच्या छपराखाली घेतले, असाच तिचा अर्थ लावावा लागतो.

खानदेशात कुस्त्यांच्या जाहीर मेळ्याला पश्चिम महाराष्ट्रातल्याप्रमाणे मैदान किंवा फड न म्हणता बहुधा दंगल म्हणतात आणि यात्रा म्हटली की दंगल ठरलेलीच असते. मल्लाच्या नावापुढे जोडला जाणारा पहेलवान हा शब्दही या भागात पैलवान या रूपाइतकाच, किंबहुना अधिक ऐकू येतो. महाराष्ट्र केसरी या किताबाच्या लढती सुरुवातीच्या काळातच या प्रदेशात झाल्या: १९६२ मध्ये धुळ्याला भगवान मोरे यांनी आणि १९६६ मध्ये जळगावला दीनानाथसिंह यांनी तो जिंकला. खुद्द किताबाचे नावही विचारपूर्वक निवडलेले आहे, कारण केसरी म्हणजे सिंह हा अर्थ जितका खरा तितकीच टिळकांच्या वृत्तपत्राची आठवण मराठी मनात त्या शब्दाला लागून आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभी या जुन्या शब्दांच्या शेजारी व्यायामशाळा, मंडळ, संघ आणि जिमखाना हे शब्द येऊन बसले. घटना, सभासद, वर्गणी आणि वार्षिक सभा असलेली संस्था ही कल्पना नवी होती, म्हणून तिला नवे शब्द लागले. अमरावतीला वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये सुरू केलेल्या कार्यातून वाढलेले श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ हे या घडणीचे ठळक उदाहरण आहे. त्याच्या नावात देव आहे, साधना आहे, प्रसाराचा संकल्प आहे आणि संघटनाही आहे, आणि याच नावाखाली त्याचे पथक १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिके करून आले. बडोद्यात राजरत्न माणिकराव यांनी इंग्रजी आज्ञांच्या जागी देशी भाषेतल्या आज्ञांवर चालणारी सांघिक कवायत बसवली. शरीर आपले, मैदान आपले, मग हुकूम परक्या भाषेत का, हा प्रश्न त्या पिढीला खरोखर बोचत होता. मात्र त्याच पिढीतल्या इतर माणसांना जिमखाना या शब्दाचे वावडे नव्हते. १९०६ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ मध्ये खो-खोची नियमावली घडवण्यात पुढाकार घेतला आणि बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्याने १९२३ मध्ये हुतूतूच्या, म्हणजे आजच्या कबड्डीच्या, स्पर्धा भरवल्या. संस्थेच्या नावात परका शब्द आणि नियमांच्या पानावर अस्सल मराठी, अशी ही विभागणी होती, आणि पुढच्या शंभर वर्षांचा अनुभव पाहता नियमांच्या पानावरची मराठी अधिक महत्त्वाची ठरली.

या नावांची तुलना करण्यासारखा देश म्हणजे आयर्लंड. तेथे १ नोव्हेंबर १८८४ रोजी थर्ल्स या गावी गेलिक अ‍ॅथलेटिक असोसिएशन ही संस्था स्थापन झाली. हर्लिंग आणि गेलिक फुटबॉल हे आपले खेळ इंग्रजी खेळांच्या लाटेत वाहून जाऊ नयेत हा तिचा हेतू होता आणि आयरिश भाषेत तिला कुमन लूख्लस गेल असे नाव आहे. तिच्या क्लबांना संतांची, देशभक्तांची आणि पुराणवीरांची नावे दिली जातात: १९१६ च्या उठावात प्राणदंड झालेल्या पिअर्स बंधूंच्या नावाचे ना पिअर्सी हे क्लब आहेत, तर डब्लिनचा ना फियना हा क्लब फिन मॅक कूलच्या पुराणकथेतील योद्ध्यांच्या नावाने ओळखला जातो. मैदानाला तेथे पॉर्क म्हणतात. कॉर्क शहरातले पॉर्क ई क्वीव्ह हे १९७६ मध्ये खुले झालेले मैदान संस्थेचे दीर्घकाळचे सरचिटणीस पॉड्रिग ओ क्वीव्ह यांच्या स्मरणार्थ आहे. डब्लिनच्या मुख्य मैदानाला आर्चबिशप क्रोक यांचे नाव आहे. त्याचे आयरिश रूप फलकावर असले तरी बहुतेकांच्या तोंडी क्रोक पार्क हेच इंग्रजी रूप असते, आणि कॉर्कच्या मैदानाला मात्र इंग्रजी बोलणारी माणसेही आयरिश नावानेच हाक मारतात. ज्या मैदानाला जन्मापासून एकच नाव मिळाले त्याचे आयरिश नाव टिकले आणि ज्याला दोन मिळाली त्याचे सोपे ते उरले, एवढे या दोन उदाहरणांवरून तरी दिसते.

जळगावात याच गोष्टीचा पडताळा येतो. शहराच्या मध्यावरचे एक मोठे मैदान जी. एस. ग्राउंड या आद्याक्षरी नावाने पिढ्यान्‌पिढ्या ओळखले गेले आणि नंतर त्याला शिवतीर्थ हे नाव मिळाले. आज वृत्तपत्रांत दोन्ही नावे शेजारी शेजारी, बहुधा एक कंसात घालून, छापली जातात. मुंबईच्या दादर भागात हा बदल फार लवकर आणि पूर्णपणे झाला: १९२५ मध्ये लोकांसाठी खुल्या झालेल्या माहीम पार्कला, शिवछत्रपतींच्या जन्माला तीनशे वर्षे झाल्याच्या निमित्ताने, नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या पुढाकाराने १९२७ मध्ये शिवाजी पार्क हे नाव देण्यात आले आणि जुने नाव माणसांच्या स्मरणातूनही गेले. तेथे नाव बदलताना मैदान अवघे दोन वर्षांचे होते, लोकांची जीभ जुन्या नावाला वळलेली नव्हती. जळगावात ती वळून गेलेली होती. धुळ्यातले गरुड मैदान या सगळ्या खटाटोपातून सुटले आहे. शहरातल्या गरुड वाचनालयाच्या नावाशी नाते सांगणारे हे नाव तीन अक्षरांचे आहे, खानदेशात ते आडनावही आहे आणि वेगाने झेपावणारा पक्षीही. मुलांच्या सामन्यांशी जुळणारे याहून चांगले नाव ठरवून शोधले असते तरी सापडले नसते. ज्या शहराच्या जुन्या वस्तीत इंग्रज अधिकारी कॅप्टन ब्रिग्जच्या काळातील आखणीमुळे आजही पत्ता गल्लीच्या क्रमांकाने सांगितला जातो, तेथे मैदानाला मात्र असे बोलके नाव लाभावे, हे विशेष.

खानदेशातल्या नावांपैकी सर्वांत अधिक विचार करायला लावणारे नाव एकलव्याचे आहे. जळगावच्या मूळजी जेठा महाविद्यालयाच्या परिसरात खानदेश कॉलेज एज्युकेशन सोसायटीचे एकलव्य क्रीडा संकुल आहे. महाभारतातला हा निषादपुत्र सातपुड्यातील भिल्ल समाज आपला पूर्वज मानतो. म्हणून जे नाव इतरत्र केवळ पौराणिक वाटले असते ते येथे शेजाऱ्याचे वाटते. केंद्र सरकारने खेळाडूंच्या गौरवासाठी १९६१ पासून अर्जुनाचे आणि प्रशिक्षकांसाठी १९८५ पासून द्रोणाचार्यांचे नाव वापरले, आणि अर्जुनाचे अग्रस्थान राखण्यासाठी त्याच द्रोणाचार्यांनी ज्याचा अंगठा मागून घेतला त्याचे नाव खो-खोने उचलले. राष्ट्रीय खो-खो स्पर्धेत सर्वोत्कृष्ट पुरुष खेळाडूला एकलव्य पुरस्कार आणि महिला खेळाडूला राणी लक्ष्मीबाई पुरस्कार दिला जातो. कुमार गटासाठी वीर अभिमन्यू, मुलींसाठी जानकी, आणि त्याखालच्या वयोगटासाठी भरत व इला अशी नावे आहेत. ही नावे ठरवणाऱ्यांची जाण वाखाणण्याजोगी आहे, कारण बसलेल्या आठ जणांच्या रांगेतून एकट्याने वाट काढत राहणाऱ्या कुमारवयीन संरक्षकासाठी अभिमन्यूहून अधिक समर्पक नाव कोणते असू शकेल? त्यातही मुलींच्या प्रत्येक वयोगटाला स्वतःचे नाव मिळाले, ही बाब विशेष मोलाची आहे, कारण मंडळांच्या आणि मैदानांच्या नावांत स्त्रियांची नावे आजही शोधावी लागतात.

शाळा-महाविद्यालयांच्या संघांची नावे हा वेगळा प्रकार आहे आणि त्यावर आद्याक्षरांचे राज्य आहे. मूळजी जेठा महाविद्यालय मराठी मजकुरात मू. जे. होते आणि बोलण्यात एम. जे.; धुळ्याच्या श्री शिवाजी विद्या प्रसारक संस्थेचा उच्चार एस. एस. व्ही. पी. एस. असा पाच इंग्रजी अक्षरांत होतो आणि त्यात शिवाजी महाराज कोठे गेले हे परगावच्या माणसाला उमगत नाही. याउलट जळगावात १९९० मध्ये स्थापन झालेल्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला २०१८ मध्ये कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव मिळाल्यावर स्थानिक वृत्तपत्रांनी त्याचा संक्षेप कबचौ उमवि असा मराठी अक्षरांतच केला. तो कानाला गोड नाही, हे मान्य केले पाहिजे. तरीही आसोद्यात जन्मलेल्या, अक्षरओळख नसलेल्या एका शेतकरी स्त्रीच्या नावाने आंतरविद्यापीठ स्पर्धांत मुले-मुली उतरतात, ही खानदेशाला अभिमान वाटावी अशी घटना आहे, आणि निदान पंचांच्या घोषणेत तरी बहिणाबाई हे पूर्ण नाव घेतले जावे अशी अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही.

फलकावरून मैदानाच्या रेषांच्या आत पाऊल टाकले की चित्र पालटते. खो-खोचे मैदान सत्तावीस मीटर लांब आणि सोळा मीटर रुंद असते. दोन टोकांना जमिनीत रोवलेले, सुमारे सव्वा मीटर उंचीचे गुळगुळीत लाकडी खांब असतात, त्यांना जोडणारी मधली पाटी जेमतेम तीस सेंटीमीटर रुंदीची असते आणि तिला छेदणाऱ्या आठ आडव्या पाट्यांमुळे बसण्याचे आठ चौक तयार होतात. फक्कीने आखलेल्या त्या चौकांत आठ गडी आळीपाळीने विरुद्ध दिशांना तोंडे करून बसतात, नववा पाठलाग करतो, पाठीला हात लावून खो देतो, बसलेला गडी उठतो तोच त्याची जागा पहिला घेतो. खांबावर बाद करणे, सूर मारणे, हूल देणे, साखळी खेळणे, एक डाव राखून जिंकणे; कबड्डीत चढाई, पकड, निदान रेषा, मध्यरेषा आणि लोण; आट्यापाट्यांत मैदान उभे दुभागणारी सूरपाटी: या शब्दांना पर्याय शोधण्याची गरज खानदेशातल्या कोणत्याही पटांगणावर कधी पडली नाही. नियम लिहिणाऱ्यांनी हे शब्द मुळात खेळणाऱ्यांच्या तोंडातून उचलले आणि छापून परत त्यांच्याच हाती दिले, म्हणून ते टिकले.

गेल्या दशकात व्यावसायिक साखळी स्पर्धांमुळे या शब्दांवर प्रथमच मोठे दडपण आले. २०१४ मध्ये सुरू झालेल्या प्रो कबड्डीत पुणेरी पलटण हे ठसकेबाज मराठी नाव आहे, पण तेथे चढाईची रेड झाली आणि पकडीची टॅकल. २०२२ च्या अल्टिमेट खो-खोमध्ये सूर मारण्याला डाइव्ह म्हणू लागले. दूरचित्रवाणीवर अनेक भाषांच्या प्रेक्षकांसमोर खेळताना इंग्रजीचा आधार घेतला जाणे समजण्यासारखे आहे आणि त्या झगमगाटाने कबड्डीपटूच्या घरात पैसा आला याचे मोल कमी लेखता येत नाही. मात्र तालुक्याच्या ठिकाणी शिकवणाऱ्या क्रीडाशिक्षकाने मुलांना लोण आणि निदान रेषा हेच शब्द द्यावेत, गुणपत्रक मराठीत भरावे आणि नव्या क्रीडा संकुलाला नाव देताना, भूमिपूजनाच्या फलकावर मावेल असे नव्हे तर बाहेरगावच्या संघाला रिक्षावाल्याजवळ सांगता येईल असे नाव निवडावे, एवढे त्याच्या आणि स्थानिक मंडळांच्या हाती नक्कीच आहे. जळगाव आणि धुळ्याच्या वृत्तपत्रांचे क्रीडापान हे काम आजही करीत असते: तेथे आंतरशालेय सामन्याचे वृत्त देताना कोणी किती मिनिटे संरक्षण केले, किती गडी बाद केले आणि मध्यंतराला किती गुणांची आघाडी होती, हे सारे त्याच जुन्या शब्दांत, शाळेच्या पूर्ण नावासह, छापून येते.