बाळाच्या पलंगातील कडेच्या गाद्या : संरक्षण की धोका?

प्रस्तावना

अर्भकास निजविण्यासाठी पाश्चात्त्य देशांत गजांचा लहान पलंग वापरण्याची पद्धत आहे. त्यास ‘क्रिब’ असे म्हणतात. आपल्याकडील टांगता पाळणा किंवा झोळी यांहून तो वेगळा असतो. तो हलत नाही, त्याच्या बाजूंस उभे गज असतात आणि तळाशी सपाट गादी असते. या गजांना आतील बाजूने चहूकडून बांधावयाच्या, कापूस किंवा फोम भरलेल्या लांबट गाद्यांना ‘बंपर’ ही संज्ञा आहे. बाळाचे डोके गजांवर आपटू नये व त्याचे हातपाय गजांत अडकू नयेत, हा त्यांचा सांगितला जाणारा हेतू होय.

हा हेतू इतका स्वाभाविक वाटतो की, या गाद्यांची उपयुक्तता तपासून पाहण्याची गरज दीर्घकाळ कोणास वाटली नाही. तथापि अमेरिकेत २०२२ मध्ये भरीव बंपरच्या उत्पादनावर व विक्रीवर कायद्याने बंदी आली. संरक्षणासाठी घेतली जाणारी वस्तू धोकादायक ठरविण्यापर्यंतचा हा प्रवास कसा झाला आणि त्यामागील पुरावा कितपत भक्कम आहे, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

बंपरचे मूळ प्रयोजन

जुन्या पद्धतीच्या पलंगांत दोन गजांमधील अंतरावर कोणतेही बंधन नव्हते. अंतर अधिक असल्यास बाळाचे शरीर पायांकडून गजांमधून बाहेर सरके. डोके मात्र मोठे असल्याने आतच अडके आणि गळा आवळला जाई. अशा स्थितीत गजांमधील फट झाकणारी गादी ही एक उपयुक्त तजवीज होती.

अमेरिकेत १९७३ मध्ये झालेल्या नियमांनी या अंतराची कमाल मर्यादा २ ३/८ इंच, म्हणजे सुमारे ६ सेंटिमीटर, अशी निश्चित केली. एवढ्या फटीतून अर्भकाचे धड बाहेर जाऊ शकत नाही. म्हणजेच ज्या धोक्यासाठी ही गादी लावली जात होती, तो धोका पलंगाची रचना बदलून दूर करण्यात आला. गादी मात्र राहिली. चादर व पांघरुणासह एकाच संचात ती विकली जाऊ लागली आणि बाळाच्या खोलीच्या सजावटीचा भाग बनली. प्रयोजन संपल्यानंतरही वस्तू टिकून राहिल्याचे हे उदाहरण आहे.

मृदू वस्तू आणि अर्भकाचे श्वसन

प्रौढ व्यक्तीच्या दृष्टीने मऊपणा म्हणजे सुरक्षितता होय. अर्भकाच्या बाबतीत हे समीकरण लागू पडत नाही. पहिल्या काही महिन्यांत बाळाचे डोके शरीराच्या मानाने जड व मानेचे स्नायू दुर्बल असतात. तोंड व नाक एखाद्या मऊ पृष्ठभागात रुतल्यास मान वळवून ते मोकळे करणे त्यास प्रत्येक वेळी जमतेच असे नाही.

येथे दोन प्रकारचे धोके संभवतात. पहिला, नाक व तोंड प्रत्यक्ष दाबले जाऊन श्वास कोंडणे. दुसरा धोका सहज ध्यानात येत नाही. चेहरा मऊ वस्तूला टेकलेला असता उच्छ्वासाची हवा तेथेच साचून राहते व बाळ तीच पुन्हा आत घेते. प्रत्येक श्वासागणिक त्या हवेतील प्राणवायू घटत जातो व कार्बन डायऑक्साइड वाढत जातो. जेम्स केंप व ब्रॅडली थॅच या संशोधकांनी १९९१ मध्ये पॉलिस्टायरिनचे बारीक मणी भरलेल्या गाद्यांवर दगावलेल्या अर्भकांचा अभ्यास करून ही पुनःश्वसनाची प्रक्रिया पुढे आणली. निरोगी बाळ अशा वेळी बहुधा जागे होऊन हालचाल करते. परंतु सर्वच बाळांत ही जागृतीची प्रतिक्रिया सारखीच प्रभावी नसते.

याच काळात निजविण्याच्या स्थितीविषयीही महत्त्वाचा बदल झाला. अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञ अकादमीने १९९२ मध्ये बाळास पालथे न निजविण्याची शिफारस केली आणि १९९४ मध्ये तेथे त्यासाठी देशव्यापी मोहीम सुरू झाली. पुढील दशकभरात निद्रावस्थेतील आकस्मिक अर्भकमृत्यूचे प्रमाण निम्म्याहून अधिक घटले. निजण्याची जागा व स्थिती यांतील साध्या बदलाने जीव वाचू शकतात, हे यातून सिद्ध झाले.

उपलब्ध पुरावा

बंपरविषयीचा पहिला महत्त्वाचा अभ्यास थॅच व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केला. अमेरिकेच्या ग्राहकोपयोगी उत्पादन सुरक्षा आयोगाकडील १९८५ ते २००५ या काळातील नोंदींत बंपरशी संबंधित २७ मृत्यू आढळले. त्यांपैकी ११ बाळांचा चेहरा गादीला टेकून श्वास कोंडला असावा. १३ बाळे गादी व दुसरी एखादी वस्तू यांच्यामध्ये अडकली होती. तर ३ बाळांच्या गळ्याभोवती गादीचे बंद आवळले गेले होते. बंद कितीही आखूड असले व गादी कितीही घट्ट बांधली, तरी पहिल्या दोन प्रकारांतील धोका त्यामुळे नाहीसा होत नाही, ही बाब येथे लक्षात घेण्याजोगी आहे.

२०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात १९८५ ते २०१२ या काळातील ४८ मृत्यू बंपरमुळे श्वास कोंडून झाल्याचे नमूद आहे. पलंगात बंपर नसता तर त्यांपैकी ३२ मृत्यू टळू शकले असते, असा संशोधकांचा निष्कर्ष आहे.

दुसऱ्या पारड्यात बंपरचा लाभ ठेवून पाहावा लागतो. तान्हे बाळ स्वतःच्या बळाने गजांवर गंभीर इजा होईल इतक्या जोराने आपटू शकत नाही. खरचटणे, टेंगूळ येणे किंवा हात-पाय क्षणभर अडकणे, एवढेच बहुधा घडते. १९९० ते २००८ या काळातील पलंग व तत्सम साधनांशी निगडित दुखापतींचा अमेरिकेतील एक अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे दोन-तृतीयांश दुखापती पडण्यामुळे झाल्याचे दिसून आले. बंपर पडणे थांबवीत नाही. उलट, उभे राहू लागलेले मूल त्यावर पाय देऊन गजांपलीकडे चढू शकते.

आक्षेप व त्यांचा विचार

बंदीच्या विरोधात मांडले जाणारे आक्षेप दुर्लक्षिण्यासारखे नाहीत. पहिला आक्षेप संख्येचा आहे. ज्या देशात दरवर्षी सुमारे ४० लाख बालके जन्मास येत होती, तेथे २८ वर्षांत ४८ मृत्यू ही संख्या अत्यल्प होय. हे खरे आहे. मात्र या नोंदी मृत्यूचे दाखले व अन्य अहवालांवर अवलंबून असतात आणि पलंगातील वस्तूंचा तपशील त्यांत प्रत्येक वेळी येतोच असे नाही. त्यामुळे ही संख्या किमान मानणे अधिक योग्य ठरते.

दुसरा आक्षेप कार्यकारणभावाचा आहे. अनेक प्रकरणांत पलंगात उशी, पांघरूण किंवा अन्य वस्तूही होत्या. मग दोष केवळ बंपरचा कसा? या प्रश्नात तथ्य आहे. २०१६ च्या अभ्यासाने ४८ पैकी ३२ मृत्यूच टळू शकले असते असे म्हटले, यातच इतर कारणांची दखल अंतर्भूत आहे. बंपर लावलेली व न लावलेली बाळे असे गट पाडून प्रयोग करणे नीतीला धरून होणार नाही. म्हणून निर्णय उपलब्ध नोंदींवरूनच घ्यावा लागतो.

तिसरा आक्षेप असा की, बाजारातील बंपर बंद झाल्यास पालक उशा व पांघरुणे लावून घरगुती उपाय करतील व धोका वाढेल. हा युक्तिवाद बंपरच्या बाजूचा नसून पालकांच्या शिक्षणाची आवश्यकता दाखविणारा आहे.

या सर्वांचा विचार करता निर्णायक मुद्दा संभाव्यतेचा नसून हानींच्या असमानतेचा ठरतो. टेंगूळ भरून येते. कोंडलेला श्वास परत आणता येत नाही. लाभ किरकोळ आणि हानी अपरिवर्तनीय असेल, तर हानीची शक्यता अल्प असूनही ती पत्करण्याचे समर्थन करता येत नाही.

सल्ल्यापासून कायद्यापर्यंत

बालरोगतज्ज्ञ अकादमीने २०११ मध्ये बंपर वापरू नयेत अशी स्पष्ट शिफारस केली. त्याच वर्षी शिकागो शहराने व २०१३ मध्ये मेरिलँड राज्याने त्यांच्या विक्रीवर बंदी घातली. ‘सेफ स्लीप फॉर बेबीज अ‍ॅक्ट’ या संघीय कायद्यावर १६ मे २०२२ रोजी राष्ट्राध्यक्षांची स्वाक्षरी झाली आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरपासून तो अमलात आला. भरीव नसलेली जाळीची अस्तरे या कायद्यातून वगळण्यात आली आहेत. अकादमीची २०२२ ची शिफारस मात्र गजांना बांधावयाची अशी कोणतीही वस्तू न वापरण्याची आहे. कायद्याने जी वस्तू वर्ज्य केली नाही ती निर्धोक ठरते, असा अर्थ यातून काढता येणार नाही.

या कायद्याचा रोख उत्पादन व विक्रीवर आहे. थोरल्या भावंडासाठी घेतलेल्या, आप्तांनी भेट दिलेल्या अथवा घरी शिवलेल्या गाद्यांपर्यंत तो पोहोचत नाही.

मराठी कुटुंबांचा संदर्भ

हा प्रश्न केवळ परदेशस्थ मराठी कुटुंबांपुरता राहिलेला नाही. गजांचे पलंग व त्यांच्या सजावटीचे संच आता आपल्या शहरांतील दुकानांतही मिळतात. जेथे क्रिब नाही, तेथेही मूळ तत्त्व तेच लागू होते. बाळाच्या दोन्ही बाजूंस लोड किंवा तक्के लावणे, डोक्याला गोल आकार यावा म्हणून मोहरीची उशी देणे, जाड दुलईत निजविणे या प्रथांमागे माया असते. तथापि झोपलेल्या बाळाच्या चेहऱ्यालगत मऊ व सुटी वस्तू ठेवण्याचा धोका त्यांतही आहेच. घरातील वडीलधाऱ्यांशी याविषयी बोलताना त्यांच्या हेतूविषयी शंका न घेता श्वसनाची प्रक्रिया समजावून सांगणे अधिक परिणामकारक ठरेल.

निष्कर्ष

१) आधुनिक पलंगात गजांमधील अंतर मर्यादित असल्याने बंपरचे मूळ प्रयोजन उरलेले नाही.

२) बंपरमुळे टळणारी इजा किरकोळ असते, त्यामुळे संभवणारी हानी प्राणघातक असते. म्हणून भरीव बंपर वापरू नयेत, हेच उपलब्ध पुराव्याशी सुसंगत आहे.

३) बाळास पहिल्या वर्षी उताणे, घट्ट व सपाट गादीवर, नीट बसणाऱ्या एका चादरीवर निजवावे, उशी, खेळणी, सुटी पांघरुणे जवळ नसावीत. थंडीसाठी अंगात घालावयाचे उबदार कपडे पुरेसे असतात. किमान पहिले सहा महिने बाळाची निजण्याची जागा पालकांच्याच खोलीत परंतु स्वतंत्र असावी, अशी अकादमीची शिफारस आहे.

४) १९७३ च्या नियमानंतर बंपरवरील संघीय बंदीस सुमारे अर्धशतक लागले. या काळातील मृत्यू पाहता, नित्य वापरातील वस्तूंचे प्रयोजन वेळोवेळी तपासण्याची दृष्टी गृहविज्ञान, बालविकास व परिचर्या यांच्या अध्यापनातून विद्यार्थ्यांना मिळणे आवश्यक आहे.