नजर वळली, की दुचाकी वळते

पावसाळ्यात ताम्हिणी किंवा आंबोली घाटात दुचाकी नेणाऱ्या अनेकांना एक अनुभव येतो. वळणावर कठड्याकडे टक लावून पाहिले, की दुचाकी नेमकी कठड्याकडेच ओढली जाते. यास ‘टार्गेट फिक्सेशन’ म्हणतात. दुसऱ्या महायुद्धात सूर मारून हल्ला करणाऱ्या काही वैमानिकांची नजर लक्ष्यावर अशी खिळून राही, की विमान वेळेत वर उचलले जात नसे.

नजर जिथे स्थिरावते, तिकडे डोके आणि खांदे वळतात. हँडलवरील हातांचा दाबही नकळत बदलतो. म्हणूनच धोका दिसताच नजर त्यावर न खिळवता सुटकेच्या वाटेकडे न्यावी.

वळणाआधीच वेग कमी करून योग्य गिअर टाकावा. मग हनुवटी वळणाच्या दिशेने फिरवून, रस्त्याच्या दोन्ही कडा दूरवर जिथे मिळाल्यासारख्या दिसतात, तिथे पाहावे. तो बिंदू जवळ येऊ लागला, तर वळण अधिक तीव्र होत आहे. वेग हलकेच उतरवावा. तो दूर सरकू लागला, तर वळण संपत आले आहे. मग सावकाश वेग वाढवावा.

ताशी ५४ किलोमीटर वेगाने दुचाकी सेकंदाला १५ मीटर अंतर कापते. पुढच्या चाकाजवळच पाहणाऱ्याला खड्डा दिसतो, तेव्हा तो टाळण्याची वेळ टळलेली असते. अर्थात, धुक्यात नजरच पोहोचत नसेल, तर हे कौशल्यही व्यर्थ. जेवढा रस्ता दिसतो, तेवढ्यात थांबता येईल, इतकाच वेग ठेवणे हिताचे.