एक हत्ती, एक स्वामी आणि आपला कोकण

बिशान येथील आपल्या मंडळात मागील बैठकीस प्राचीन फ्रँक राजांचा विषय निघाला होता. रूआंचे बिशप प्रेतेक्स्तातुस यांनी राजाविरुद्ध गेलेल्या राजपुत्राचा विवाह लावून दिला. पुढे 586 साली चर्चमध्येच त्यांच्यावर प्राणघातक वार झाला आणि संशय राणी फ्रेदेगुंडवर आला. ‘असे आपल्याकडे घडले काय?’ असे एका तरुणाने विचारले. आपल्या शास्त्रात तर घडलेच आहे. दावीद राजाच्या अखेरीस अब्याथार याजकाने अदोनीयाची बाजू धरली, सादोकाने शलमोनाची. अब्याथारास याजकपद सोडून अनाथोथास जावे लागले. परंतु मी आज कोकणातील हकिकत सांगते, कारण ती आपल्या पूर्वजांच्या उंबऱ्यावरून गेली आहे.

चिपळूणजवळ परशुराम येथे ब्रह्मेंद्रस्वामी नावाचे संन्यासी राहत. श्रावणात महिनाभर समाधी लावणारे हे पुरुष व्यवहारातही अत्यंत दक्ष होते. छत्रपती शाहू, पेशवे आणि आंग्रे त्यांचे शिष्य. जंजिऱ्याचा सिद्दीही त्यांचा मान ठेवी. स्वामी व्याजाने पैसे देत आणि पहिले बाजीराव त्यांचे ऋणको होते. शिष्य हाच ऋणको असला म्हणजे गुरूच्या शब्दास निराळेच वजन येते.

ठिणगी पडली ती एका हत्तीवरून. सावनूरच्या नबाबाकडून सिद्दी सातासाठी आलेला हत्ती स्वामींच्या व्यवस्थेने कोकणात येत असता आंग्र्यांच्या लोकांनी वाटेत अडवला. अंजनवेल-गोवळकोटचा अधिकारी सिद्दी सात यास हे स्वामींचेच कारस्थान वाटले. 1727 च्या महाशिवरात्रीस त्याने परशुरामावर धाड घालून देवालय लुटले व तेथील ब्राह्मणांचा छळ केला. हा उघड अत्याचार होता आणि स्वामींचा संताप रास्तच होता. ते कोकण सोडून साताऱ्याजवळ धावडशीस गेले.

प्रश्न त्यापुढचा आहे. धावडशीहून शाहू, बाजीराव, चिमाजीअप्पा यांस पत्रांमागून पत्रे गेली: सिद्दीचे पारिपत्य करा. मी आयुष्यभर परिचारिका होते. रुग्णाच्या उशाशी बसणाऱ्यास घरातील वाटण्या, वैरे, सारे कानी पडते. ते तेथेच ठेवायचे, असे आम्हांस शिकवले होते. ज्याच्यापुढे राजे मन मोकळे करतात, त्याने तर हे अधिकच पाळावयास हवे, असे माझे मत आहे.

मोहीम केवळ स्वामींच्या शब्दाखातर निघाली, असे मात्र नव्हे. 1689 पासून गेलेला रायगड मराठ्यांस परत हवाच होता. 1733 साली सिद्दी रसूल वारला, वारसांत रक्तपात झाला, आणि बाजीरावांनी ती संधी साधली. जूनमध्ये रायगड हाती आला. समुद्रातील जंजिरा आला नाही. आंग्र्यांच्या घरातही भावाभावांत फूट पडली आणि त्या कलहातही स्वामी मध्यस्थ म्हणून होतेच. अखेर 19 एप्रिल 1736 रोजी रेवसजवळ कामारल्याच्या रणात चिमाजीअप्पांच्या सैन्याने सिद्दी सातास ठार केले.

रेवस म्हणताच आपणांपैकी अनेकांच्या डोळ्यांपुढे आजोळ उभे राहील. किहीम, झिराड, नवगाव तेथून दूर नाहीत. शनिवारी घाणा बंद ठेवणारे आपले तेली पूर्वज आंग्र्यांच्या मुलखात होते, तसेच सिद्दीच्याही. फौजा कोणत्याही बाजूच्या असोत, धान्य आणि तेल गावांतूनच उचलले जाते. त्या गावांस पत्र पाठवून कोणी विचारले नव्हते.

स्वामी 1745 साली धावडशीस निवर्तले. पुढे द. ब. पारसनीस यांनी त्यांचे चरित्र पत्रव्यवहारासह छापले, म्हणून आपणांस हे सारे ठाऊक आहे. जंजिरा 1948 पर्यंत सिद्दींकडेच राहिला, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्याच संस्थानाचे कारभारी म्हणून आपल्यापैकीच शालोम बापूजी वरघरकर यांची नेमणूक झाली.